वारेतील प्राणवायू : एका गृहीताचा इतिहास

मानवी शरीरातील इंद्रियांमध्ये वार हे एकच इंद्रिय असे आहे की, ज्याचे सारे आयुष्य सुमारे नऊ महिन्यांत आटोपते आणि ज्याचे कार्य संपताच शरीर ते टाकून देते. या अल्पायुषी इंद्रियाकडे शरीरशास्त्रज्ञांचे लक्ष शतकानुशतके वेधले गेले ते मुख्यतः एका प्रश्नामुळे : गर्भाला श्वास घेता येत नसताना त्याला प्राणवायू मिळतो कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गृहीत नकळत रूढ झाले. वारेचे कार्य गर्भाला प्राणवायू पुरविणे हे असेल, तर जितका प्राणवायू अधिक तितके गर्भाचे कल्याण अधिक, असे ते गृहीत होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला तडा गेला. परंतु त्याच्या जागी जे दुसरे गृहीत आले, म्हणजे प्राणवायूपासून उत्पन्न होणारी क्रियाशील द्रव्ये सर्वथा अनिष्ट आणि त्यांचा नाश करणारे जे जे काही ते सर्व इष्ट, तेही तितकेच एकांगी होते. या दुसऱ्या गृहीताची परीक्षा प्रयोगशाळेत होण्याऐवजी हजारो गर्भवती स्त्रियांच्या औषधयोजनेत झाली. वारेतील प्रतिऑक्सिडीकारक एंझाइमांचा इतिहास हा या दोन गृहीतांच्या उदयास्ताचा इतिहास आहे.

या इंद्रियाचे युरोपीय नाव त्याच्या आकारावरून पडले. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो याने १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याला ‘प्लॅसेंटा’ म्हटले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चपटी भाजलेली पोळी असा आहे. कार्याविषयी या नावातून काहीच बोध होत नव्हता. ती उणीव १६७४ साली जॉन मेयो या इंग्रज वैद्याने भरून काढली. हवेतील काही सूक्ष्म अंश ज्वलनाला व श्वसनाला सारखेच आवश्यक असतात, असे त्याचे मत होते. आणि हे अंश गर्भाला वारेतून मिळत असल्यामुळे वारेला गर्भाशयातील यकृत न म्हणता गर्भाशयातील फुप्फुस म्हणावे, असे त्याने सुचविले. प्राणवायूचा शोध लागण्यास त्या वेळी अद्याप शंभर वर्षे अवकाश होता. पुढे ज्या १७७४ साली प्रीस्टलीने पाऱ्याचे भस्म तापवून हा वायू मिळविला, त्याच साली विल्यम हंटरचा गर्भिणी गर्भाशयाविषयीचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. हंटर बंधूंनी रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून मातेचे रक्त व गर्भाचे रक्त कोठेही मिसळत नाही, हे दाखवून दिले होते. या शोधाच्या श्रेयावरून दोघा भावांत १७८० साली जाहीर वितुष्ट आले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात शोधाइतकीच प्रसिद्ध आहे. ते असो. दोन रक्तप्रवाह अलग आहेत आणि त्यांच्यामध्ये केवळ पातळ पडदा आहे, हे सिद्ध होताच मेयोची फुप्फुसाची उपमा पक्की झाली आणि पुढील दोन शतके ती कोणी हलविली नाही.

उपमा उपयुक्त असतात. पण त्या आपल्याबरोबर न मागितलेली अनुमानेही आणतात. फुप्फुसाला हवा कमी मिळाली तर तो रोग, हे उघडच आहे. म्हणून वारेत प्राणवायू कमी आढळला तर तीही आपत्ती, असे मानण्याकडे मन आपोआप झुकले. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांच्या कार्यात या विचाराचे सर्वांत रेखीव रूप दिसते. १९२१-२२ च्या हिवाळ्यात पेरू देशातील सेरो दे पास्को या उंच गावी मोहीम नेऊन विरळ हवेत मानवी रक्त कसे वागते याचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे मेंढीच्या गर्भावर काम करताना गर्भाच्या रक्तातील प्राणवायूचा दाब अशाच उंचीवरील माणसासारखा अल्प असतो, हे त्यांना दिसले. आणि गर्भ जणू गर्भाशयातच एव्हरेस्टवर राहतो, ही उपमा त्या काळच्या प्रसूतिशास्त्रात रूढ झाली. १९४६ साली प्रसिद्ध झालेला बारक्रॉफ्ट यांचा जन्मपूर्व जीवनाविषयीचा ग्रंथ आजही वाचनीय आहे. तथापि पर्वतशिखराच्या उपमेत अल्प प्राणवायू म्हणजे सोसावयाचे संकट, हाच अर्थ गृहीत होता. ती गर्भाच्या वाढीला पोषक स्थिती असू शकेल, ही शक्यता त्या उपमेत बसतच नव्हती.

इकडे प्राणवायूच्या दुसऱ्या बाजूचा इतिहास वारेशी काहीही संबंध न ठेवता स्वतंत्रपणे घडत होता. १८१८ साली थेनार याने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले आणि प्राण्यांच्या ऊतकांच्या स्पर्शाने ते फसफसून विघटित होते, हेही त्याच्या ध्यानात आले. हे कार्य करणाऱ्या एंझाइमाला कॅटालेज हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्कर लोव याने दिले, आणि १९३७ साली समनर व डाउन्स यांनी बैलाच्या यकृतातून त्याचे स्फटिक मिळविले. पेरॉक्साइडाचा नाश करणारे दुसरे एंझाइम, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, १९५७ साली गॉर्डन मिल्स यांना रक्तातील तांबड्या पेशींत सापडले. त्यात सेलेनियम हे मूलद्रव्य असते, हे कळण्यास १९७३ साल उजाडले.

परंतु या साऱ्यांत सर्वांत बोधप्रद कथा आहे ती तिसऱ्या एंझाइमाची. १९३८ साली केंब्रिज येथे थॅडियस मान व डेव्हिड कायलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे केले आणि त्याला हीमोक्युप्रीन असे नाव दिले. त्याचे कार्य काय, हे मात्र उमगेना. तांब्याचा साठा करणे हेच त्याचे काम असावे, अशी समजूत होऊन ते तीस वर्षे पडून राहिले. नंतर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात इर्विन फ्रिडोविच यांच्या प्रयोगशाळेत एका वेगळ्याच विक्रियेचा अभ्यास चालू असता काही प्रथिनांच्या नमुन्यांनी ती विक्रिया अडते, असे आढळून आले. जो मॅककॉर्ड या त्यांच्या विद्यार्थ्याने शोध घेतला तेव्हा विक्रिया अडविणारे द्रव्य त्या प्रथिनांत नव्हे, तर त्यांतील किंचित भेसळीत असल्याचे निष्पन्न झाले. ही भेसळ म्हणजेच मान व कायलिन यांचे हीमोक्युप्रीन होते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव मिळाले. ज्या प्रथिनाला काम नाही असे वाटत होते त्याचे काम प्राणवायूवर जगणाऱ्या बहुतेक सर्व जीवांत अत्यावश्यक ठरले. १९७३ साली मायटोकाँड्रियात असणारा त्याचा मँगॅनीजयुक्त भाईबंद कोंबडीच्या यकृतात सापडला.

या एंझाइमांची विभागणी ध्यानात घेतल्याखेरीज पुढील इतिहास समजणार नाही. प्राणवायूच्या रेणूने एक जादा इलेक्ट्रॉन घेतला की त्याचे सुपरऑक्साइड बनते. पेशीतील श्वसनक्रियेत काही इलेक्ट्रॉन गळतच असल्यामुळे हे द्रव्य सतत अल्प प्रमाणात निर्माण होत असते. डिसम्युटेज दोन सुपरऑक्साइडांची जोडी लावते. एकाचा पुन्हा प्राणवायू होतो व दुसऱ्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. अर्थात या टप्प्यावर धोका संपत नाही, त्याचे केवळ रूपांतर होते. हे पेरॉक्साइड लोहाच्या सान्निध्यात आले तर त्यापासून हायड्रॉक्सिल हे अत्यंत विनाशक मूलक बनू शकते. ते टाळण्यासाठी कॅटालेज किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांनी पेरॉक्साइडाचे पाणी करून टाकावे लागते. एंझाइमांची ही साखळी आहे; तिच्यातील एक दुवा बळकट व दुसरा दुबळा असला तर संरक्षणाऐवजी उपद्रवही होऊ शकतो. जीवनसत्त्वांच्या चाचण्यांच्या उत्साहात ही गोष्ट पुष्कळदा विसरली गेली.

प्राणवायू विषही असू शकतो, ही कल्पना एव्हाना वैद्यकात शिरली होती, आणि तीही जन्माशी निगडित असलेल्या एका दुःखद अनुभवातून. १९४२ साली बॉस्टनमध्ये टेरी यांनी अकाली जन्मलेल्या अर्भकांत अंधत्व आणणारा एक नवा विकार वर्णिला. १९५१ साली मेलबर्नमध्ये केट कँबेल यांनी त्याचा संबंध उपचारार्थ मुक्तहस्ताने दिल्या जाणाऱ्या प्राणवायूशी जोडला, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेत झालेल्या सहकारी चाचणीने तो संबंध निश्चित केला. योगायोग असा की, १९५४ सालीच अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी रॉचेस्टर येथे डॅनियल गिल्बर्ट आदी सहकाऱ्यांसमवेत प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंचे मूळ मुक्त मूलकांत आहे, असा सिद्धांत मांडला. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवीत होत्या. तरीही वारेच्या अभ्यासकांपर्यंत हा विचार पोहोचण्यास आणखी वीस वर्षे लागली, याचे कारण फुप्फुसाच्या उपमेची पकड हेच असावे.

वारेतील सुपरऑक्साइड डिसम्युटेजाचे मापन १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले. हंगेरीत मात्कोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली निरनिराळ्या वयांच्या वारेतील या एंझाइमाची क्रियाशीलता मोजली. जपानमध्ये सेकिबा व योशिओका यांनी १९७९ साली हेच एंझाइम आणि स्निग्ध द्रव्यांचे पेरॉक्सिडीकरण यांचा एकत्र विचार केला. १९८५ साली हेल्मुट झीस यांनी संपादिलेल्या ग्रंथाने ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ केली. ऑक्सिडीकारक द्रव्ये आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांतील तोल पहिल्याच्या बाजूला ढळणे, असा तिचा आशय होता. संज्ञा सुटसुटीत होती, म्हणूनच ती सर्वत्र पसरली. मोजणी होऊ लागली, तक्ते तयार झाले. परंतु मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यास आवश्यक असलेली एक गोष्ट कोणाजवळच नव्हती. गर्भारपणाच्या आरंभी वारेत प्रत्यक्ष प्राणवायू किती असतो, हे कोणी मोजलेच नव्हते. तो उत्तरार्धात असतो तसाच असणार, असे सर्वांनी धरले होते.

वस्तुतः या समजुतीविरुद्धचा पुरावा केंब्रिजच्या कपाटांत होता. मानवी वारेची रचना अशी की, गर्भाच्या रक्तवाहिन्या वाहणारे शाखायुक्त अंकुर एका पोकळीत लोंबत असतात आणि गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांतून येणारे मातेचे रक्त त्या पोकळीत खेळते. बॉइड व हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञांनी गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील नमुन्यांचे सूक्ष्म छेद तपासले. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आणि १९७० सालच्या ग्रंथात, या काळात वारेतून उतरलेल्या पेशींनी सर्पिल रोहिण्यांची तोंडे बुचासारखी भरून टाकलेली असतात, असे नमूद आहे. बूच असेल तर रक्त येणार कसे, हा प्रश्न त्यातून उघडच उद्भवत होता. पण त्याचा पाठपुरावा झाला नाही. एलिझाबेथ रॅम्से यांनी माकडिणींच्या गर्भाशयात क्ष-किरणांच्या साह्याने टिपलेली, सर्पिल रोहिण्यांतून रक्ताचे फवारे पोकळीत उसळत असल्याची चित्रे त्या काळी अभ्यासकांच्या मनावर ठसलेली होती; ती गर्भारपणाच्या प्रगत अवस्थेतील होती, ही मर्यादा मात्र तितकीशी ठसली नाही.

१९८७ साली बेल्जममधील हुस्टिन व शाप्स यांनी हा प्रश्न धसास लावला. शस्त्रक्रियेने काढलेली गर्भाशये आणि ध्वनिलहरींची चित्रे यांचा एकत्र अभ्यास करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, पहिल्या तिमाहीच्या बहुतेक काळात वारेच्या पोकळीत मातेचे रक्त अखंडपणे वाहतच नाही. तेथे असतो तो बुचांतून झिरपून आलेला स्वच्छ द्रव. हे विधान इतके अनपेक्षित होते की, त्यावर बराच काळ वाद माजला. ध्वनिलहरींच्या सुधारित उपकरणांनी काहींना प्रवाह आधीही दिसला. मग १९९२ साली रोडेश, जोनियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भपात करवून घेण्यासाठी आलेल्या व संमती दिलेल्या स्त्रियांत विद्युद्ग्राने प्राणवायूचा दाब प्रत्यक्ष मोजला. आठव्या ते दहाव्या आठवड्यांत वारेतील दाब पाऱ्याच्या सुमारे १८ मिलिमीटर इतकाच, म्हणजे शेजारच्या गर्भाशयाच्या अस्तरातील दाबापेक्षा पुष्कळच कमी भरला. बाराव्या-तेराव्या आठवड्यांत तो सुमारे ६० पर्यंत चढलेला होता. १९९९ साली ग्रॅहॅम बर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमधील बॉइड यांचा तोच जुना नमुनासंग्रह पुन्हा तपासला आणि बुचांचे अस्तित्व व त्यांचे हळूहळू सैल होणे या दोन्ही गोष्टींना दुजोरा दिला. काचपट्ट्या नीट जपून ठेवल्या की तीस-चाळीस वर्षांनीही त्या साक्ष देतात, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. वाद मात्र पूर्णपणे मिटलेला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, विशिष्ट सूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडून केलेल्या निरीक्षणांत बुचे असतानाही थोडे रक्त आत शिरत असल्याचे आढळले. बूच म्हणजे बंद दार नव्हे, अडविणारा बांध होय, असे फार तर म्हणता येईल.

मग या काळात गर्भ जगतो कशावर? गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी आपला स्राव वारेच्या पोकळीत सोडीत असतात आणि पहिल्या तिमाहीत पोषण मुख्यतः त्यांतून होते, हे बर्टन व जोनियो यांच्या गटाने २००२ साली दाखविले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची अंगप्रत्यंगे विभक्त होण्यापूर्वी त्याचे जीवन ‘उपस्नेहा’ने, म्हणजे पाझरणाऱ्या रसाने चालते, असे सांगितले आहे, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य लक्षणीय आहे. पण एका तर्कप्रधान वर्णनाला आधुनिक शोधाचे पूर्वज्ञान ठरविणे हे ना सुश्रुताला न्याय देणारे, ना इतिहासाला.

प्राणवायूचे खरे माप हाती आल्यावर एंझाइमांच्या तक्त्यांना अर्थ आला. जोनियो, बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्राणवायूचा दाब आणि ऊतकातील बदल एकत्र मांडले. आठव्या आठवड्यात २० मिलिमीटरहून कमी असलेला दाब बाराव्या आठवड्यापर्यंत ५० च्या वर जातो. याच संक्रमणाच्या काळात वारेच्या बाह्य थरात ऑक्सिडीकारक ताणाच्या खुणा उमटतात आणि कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज व सुपरऑक्साइड डिसम्युटेज यांचे प्रमाण वाढते. याच गटाने १९९८ साली दाखविले होते की, आरंभीच्या आठवड्यांतील वारेचे तुकडे हवेतील नेहमीच्या प्राणवायूत वाढविण्याचा प्रयत्न केल्यास त्यांचा बाह्य थर झपाट्याने नष्ट होतो आणि त्याच्या मायटोकाँड्रियांना इजा होते. संरक्षक एंझाइमे तेव्हा अत्यल्प असतात, कारण त्यांची गरजच पडू नये अशी व्यवस्था असते. बारक्रॉफ्ट यांच्या काळी जी उणीव मानली गेली ती येथे ढाल ठरली. ज्या काळात गर्भाची इंद्रिये घडत असतात त्याच काळात प्राणवायूचा ओघ रोखून धरलेला असावा, यातील औचित्य सहज पटणारे आहे. पण औचित्य पटणे म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होणे नव्हे, हेही तितकेच खरे.

२००३ साली याच गटाने पुढचे पाऊल टाकले, आणि या इतिहासातील ते सर्वांत सूक्ष्म निरीक्षण म्हणता येईल. मातेचे रक्त पोकळीत प्रथम शिरते ते वारेच्या कडेला, मध्यभागी नव्हे. कडेला ताण अधिक पडतो, तेथील अंकुर झडून जातात आणि गर्भाभोवतीचे आवरण तेवढ्या भागात गुळगुळीत होते. मध्यभागी उरते ती तबकडीच्या आकाराची कायम वार. कोलंबोला पोळीसारखा दिसलेला आकार असा काही अंशी ऑक्सिडीकारक ताणाने कोरलेला असतो. ज्या गर्भारपणाचा शेवट गर्भपातात होतो त्यांत मात्र रक्त वेळेआधी आणि मध्यभागीही सैरावैरा शिरल्याचे आढळले. म्हणजे तोच ताण योग्य स्थळी व योग्य काळी शिल्पकार असतो, आणि अस्थानी व अकाली संहारक. ताण इष्ट की अनिष्ट, हा प्रश्नच येथे निरर्थक ठरतो.

दुर्दैवाने हे आकलन होण्यापूर्वीच दुसरे गृहीत रुग्णालयांत जाऊन पोहोचले होते. त्याचा संबंध पूर्वगर्भाक्षेपक या विकाराशी आहे. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढणे आणि बहुधा मूत्रावाटे प्रथिन जाऊ लागणे ही त्याची ठळक लक्षणे. माता व अर्भक या दोघांच्याही जिवाला त्यापासून धोका असतो आणि वार बाहेर पडेपर्यंत तो हटत नाही. ब्रोसेन्स, रॉबर्टसन व डिक्सन यांनी १९६७ साली आणि त्यानंतरच्या कार्यात दाखविले की, निरोगी गर्भारपणात सर्पिल रोहिण्या स्नायू गमावून रुंद होतात, आणि या विकारात हे रूपांतर अपुरे राहते. अरुंद राहिलेल्या रोहिणीतून रक्त जोराने पण अनियमितपणे येते. वारेला प्राणवायू कधी अपुरा तर कधी एकदम मिळतो. पुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू होताना मुक्त मूलकांचे उत्पादन उसळते, हे हृदय व इतर इंद्रियांच्या अभ्यासावरून ठाऊक होते. १९८९ साली ह्यूबेल, रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्निग्ध द्रव्यांचे पेरॉक्सिडीकरण हा वार आणि मातेच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर यांना जोडणारा दुवा असावा, असे सुचविले. वॉल्श व वांग यांना १९९३ साली या विकारातील वारेत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजाची क्रियाशीलता कमी आढळली. १९९६ सालच्या निबंधात त्यांनी तिन्ही एंझाइमांची तुलना केली. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटले : एंझाइमे उणी, ताण अधिक, म्हणून रोग.

या चित्रातील एक गफलत बराच काळ कोणाच्या नजरेस आली नाही. अभ्यासकांच्या हाती येणारी वार ही बहुधा प्रसूतीनंतरची असते. प्रसूतिवेदनांत गर्भाशय आकुंचन पावले की वारेकडे येणारे रक्त अडते, कळ ओसरली की पुन्हा वाहू लागते. रॅम्से यांच्या क्ष-किरणचित्रांत हे १९६० च्या सुमारासच दिसले होते. तासन्‌तास चालणाऱ्या कळा म्हणजे पुरवठा खंडित होणे व पुन्हा सुरू होणे यांची मालिकाच. २००७ साली सिंद्रोव्हा-डेव्हिस, बर्टन आदींनी कळा सोसून झालेल्या प्रसूतीतील आणि कळांपूर्वीच शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीतील वारेची तुलना केली, तेव्हा पहिल्या प्रकारात ऑक्सिडीकारक ताणाच्या खुणा स्पष्ट होत्या, दुसऱ्यात त्या फारशा नव्हत्या. पूर्वगर्भाक्षेपकाच्या रुग्णांत शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याचे प्रमाण निराळे असते, हे लक्षात घेतले म्हणजे पूर्वीच्या कित्येक तुलनांत रोगाचा परिणाम कोणता आणि प्रसूतीचा कोणता, हे वेगळे काढणे किती अवघड आहे, ते कळून येते. वादळातून बाहेर आलेल्या नौकेची शिडे पाहून ती बंदरातून निघाली तेव्हाच फाटकी होती, असे अनुमान काढण्यासारखा हा प्रकार होता.

पण औषधयोजना या शंकेसाठी थांबली नव्हती. लंडनमध्ये लूसी चॅपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वगर्भाक्षेपकाचा धोका अधिक असलेल्या २८३ स्त्रियांचे यदृच्छया दोन गट पाडले. एका गटाला रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले, दुसऱ्याला दिसायला तशाच पण औषधरहित गोळ्या दिल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषधरहित गटात १७ टक्के स्त्रियांना तर जीवनसत्त्वांच्या गटात केवळ ८ टक्के स्त्रियांना हा विकार झाला. आशा वाटावी असाच हा आकडा होता. मात्र चाचणीची आखणी मुळात रक्तातील एका जैवरासायनिक निर्देशकासाठी झाली होती, रोगाच्या प्रतिबंधासाठी नव्हे, आणि स्त्रियांची संख्याही थोडी होती. संशोधकांनी स्वतःच मोठ्या चाचण्यांची आवश्यकता सांगितली, हे त्यांच्याबाबत न्यायाने नमूद केले पाहिजे.

त्या चाचण्या झाल्या, आणि त्यांनी आशा विझविली. २००६ साली लुसिला पोस्टन यांच्या नेतृत्वाखाली २,४१० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत विकाराचे प्रमाण जीवनसत्त्वांच्या गटात १५ व दुसऱ्या गटात १६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. इतकेच नव्हे, तर जीवनसत्त्वे घेणाऱ्या स्त्रियांत कमी वजनाची मुले अधिक जन्मली : २४ टक्क्यांच्या जागी २८ टक्के. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात प्रथमच माता होणाऱ्या १,८७७ स्त्रियांवरील चाचणीतही लाभ दिसला नाही. कुपोषणामुळे ज्यांच्या शरीरात या जीवनसत्त्वांचीच उणीव आहे अशा स्त्रियांना तरी उपयोग होईल, ही शेवटची आशा होती. ती पारखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका व व्हिएतनाम येथील १,३६५ स्त्रियांवर चाचणी घेतली. भारतातील केंद्र नागपूर येथे होते. २००९ साली जाहीर झालेला तिचा निष्कर्षही नकारार्थीच होता. २०१० साली अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने या प्रकरणावर पडदा टाकला.

अपयशाची कारणे अनेक असू शकतात. सर्पिल रोहिण्यांचे रूपांतर गर्भारपणाच्या पूर्वार्धात व्हावयाचे असते. पहिल्या चाचण्यांतील औषध बहुतांशी दुसऱ्या तिमाहीत सुरू झाले, तेव्हा मुळातील बिघाड होऊन गेलेला होता. दुसरे असे की, ही जीवनसत्त्वे मूलकांशी थेट संयोग पावतात. पेरॉक्साइडाचे पाणी करणाऱ्या एंझाइमांची जागा ती घेऊ शकत नाहीत. साखळीतील दुबळा दुवा निराळा, आणि बळ दिले गेले निराळ्याच ठिकाणी. तिसरे कारण अधिक मूलगामी आहे : अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड हे पेशींच्या परस्पर संदेशवहनाचे साधनही आहे, त्यामुळे ते सरसकट पुसून टाकणे हे हितकारक असेलच असे नाही. वजन घटलेल्या अर्भकांचे स्पष्टीकरण यात शोधण्याचा मोह होतो, परंतु तेवढा पुरावा उपलब्ध नाही.

या अनुभवानंतर वारेच्या अभ्यासात जो फरक पडला तो सिद्धांतापेक्षा पद्धतीत अधिक दिसतो. २०१४ साली बर्टन व अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेचे नमुने कसे गोळा करावेत, याची सविस्तर शिस्त घालून देणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रसूती कळांनंतर झाली की कळांपूर्वी, वार सुटल्यापासून नमुना गोठविण्यास किती मिनिटे लागली, तुकडा कडेचा की मध्याचा, मातेच्या बाजूचा की गर्भाच्या बाजूचा, या साऱ्यांची नोंद आता आवश्यक मानली जाते. ज्या जुन्या निबंधांत अशा नोंदी नाहीत, त्यांतील एंझाइमांचे आकडे वाचताना अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न, ती वार कोणत्या आठवड्यातील आणि कोणत्या प्रकारच्या प्रसूतीतून मिळालेली होती, हा आहे. क्रियाशीलता किती भरली, हा त्यानंतरचा.